बंद पडलेल्या कॉलेज कॉन्फरन्सचा इतिहास कसा जुळवायचा (ग्रेट वेस्टचं उदाहरण घेऊन)

न्यू जर्सीतल्या एडिसनला एका गराज सेलमध्ये मला एक डॉलरला टीशर्ट मिळाला. छातीवर ‘ग्रेट वेस्ट कॉन्फरन्स’, खाली एनजेआयटी. आता एनजेआयटी म्हणजे न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, न्यूअर्क गावातलं, आपली अर्धी पोरं जिथे एमएस करायला येतात ते, अमेरिकेच्या पार पूर्वेच्या टोकाला, तिथून अजून थोडं पूर्वेला गेलात की समुद्रच. मग हे ‘वेस्ट’ आलं कुठून? बायको म्हणाली प्रिंटिंग मिस्टेक असेल, म्हणून तर डॉलरला दिला. मी म्हटलं बघतो जरा, आणि त्या ‘जरा’त माझे तीन वीकेंड गेले. त्या तीन वीकेंडमध्ये काय चुका केल्या आणि शेवटी काय जमलं ते इथे लिहितोय, म्हणजे कुणाला अशी एखादी विसरलेली कॉन्फरन्स शोधायची असेल तर निदान एक वीकेंड तरी वाचेल.

आधी एक गोष्ट क्लियर करू. कॉन्फरन्स म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गळ्यात बॅज, चहा-बिस्किटं आणि न संपणारं भाषण येतं, ते हे नाही. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत तुमचं विद्यापीठ कुठे आहे त्यावरून झोन ठरतो, मुंबई-पुणे-कोल्हापूरवाले वेस्ट झोन, विषय संपला, कुणी विचारत नाही तुम्हाला आवडेल का म्हणून. अमेरिकेत तसं नाही. तिथे कॉलेजं आपापसात ठरवून एक गट करतात, वर्षभर एकमेकांशी खेळतात, स्वतःचा गुणतक्ता, स्वतःचा कमिशनर, आणि पटलं नाही किंवा दुसरीकडे जास्त पैसे आणि चांगलं नाव दिसलं की उठून दुसऱ्या गटात जातात. भिशीसारखं आहे. एक-दोन जण गेले तर चालतं, पण पाच जण एकदम उठले की भिशी मोडते. ग्रेट वेस्ट ही अशी मोडलेली भिशी. २००४ ला सुरू, २०१३ ला बंद.

मी पहिली चूक केली ती म्हणजे विजेत्यांच्या यादीपासून सुरुवात केली. सगळे तेच करतात. कोण कधी जिंकलं ते पटकन सापडतं आणि आपल्याला वाटतं झालं की काम. पण अशा अल्पायुषी कॉन्फरन्सचा इतिहास जिंकण्याहरण्यात नसतोच, तो असतो कोण कधी आलं, कोण कधी गेलं आणि का गेलं यात. तर एक्सेल उघडा (गूगल शीट असेल तरी चालेल) आणि पहिल्या टॅबला नाव द्या ‘आले-गेले’. ट्रॉफ्या नंतर.

नाव एकच, माणसं वेगळी

शोधायला बसायच्या आधी एक तपासा, त्या नावाची अजून कुठली संस्था होऊन गेलीय का. ‘ग्रेट वेस्ट’ टाकल्यावर मला अलास्काची दोन कॉलेजं दिसायला लागली, अँकरेज आणि फेअरबँक्स, आणि मी दीड तास खूश होतो की वा, अलास्कापर्यंत पसरली होती की! नंतर कळलं ती ग्रेट वेस्ट हॉकी कॉन्फरन्स, १९८५ ते १९८८, तिचा आपल्या वालीशी काडीचा संबंध नाही, फक्त नाव आणि अल्पायुष्य तेवढं सारखं. दुसरा गोंधळ अमेरिकन वेस्ट कॉन्फरन्सचा, ती १९९३ ते १९९६, आणि तिच्यात कॅल पॉली आणि सदर्न युटा अशी कॉलेजं होती जी पुढे ग्रेट वेस्टमध्येही आली. म्हणजे नाव निम्मं सारखं, मेंबर थोडे सारखे, काळ वेगळा. अशा ठिकाणी शीटमध्ये वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की आपण कुठल्या वर्षांबद्दल बोलतोय, नाहीतर रात्री दीड वाजता हमखास मिसळ होते आणि ती खायच्या लायकीची नसते.

कॉलेजांची नावंही बदलतात. युटा व्हॅली २००८ च्या जुलैपर्यंत युटा व्हॅली स्टेट कॉलेज होतं, मग युनिव्हर्सिटी झालं. टेक्सस पॅन अमेरिकन आज त्या नावाने अस्तित्वातच नाही, २०१५ मध्ये ते ब्राउन्सव्हिलच्या कॉलेजबरोबर एक होऊन टेक्सस रिओ ग्रांदे व्हॅली झालं. ह्यूस्टन बॅप्टिस्टचं २०२२ मध्ये ह्यूस्टन ख्रिश्चन झालं. नॉर्थ डकोटाचं तर टोपणनावच वादात सापडलं, त्यांच्या टीमला ‘फायटिंग सू’ म्हणायचे, सू ही तिथली आदिवासी जमात, त्यावरून कित्येक वर्षं भांडण, शेवटी २०१२ च्या जूनमध्ये राज्यात मतदान होऊन ते नाव गेलं, मग तीन वर्षं टीमला टोपणनावच नव्हतं, आणि २०१५ मध्ये ‘फायटिंग हॉक्स’ आलं. म्हणून आजच्या नावाने शोधलंत तर जुन्या बातम्या निम्म्याच सापडणार. प्रत्येक कॉलेजसमोर ‘तेव्हाचं नाव’ असा एक रकाना ठेवाच. आपल्याकडेही हेच होतं, शिवाजी विद्यापीठाचे जुने निकाल बघताना सोलापूरची कॉलेजं दिसली की नवा माणूस गोंधळतो, कारण सोलापूरचं वेगळं विद्यापीठ २००४ ला झालं.

तारखा तीन असतात, एक नाही

इथे मी सणकून आपटलो. एखादं कॉलेज कॉन्फरन्समध्ये ‘कधी आलं’ याला तीन उत्तरं असतात: घोषणा कधी झाली, कागदोपत्री मेंबर कधी झालं (हे बहुतेक वेळा १ जुलै असतं कारण तिथलं खेळाचं वर्ष जुलैला बदलतं), आणि पहिली मॅच कधी खेळलं. या तिन्हीत सहज वर्ष-दीड वर्षाचा फरक पडतो.

ग्रेट वेस्ट २००४ मध्ये सुरू झाली ती फक्त फुटबॉलसाठी. अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवालं. सगळ्या खेळांची कॉन्फरन्स व्हायची घोषणा २००८ च्या जुलैमधली, आणि बास्केटबॉलचा पहिला सीझन २००९-१०. मी माझ्या पहिल्या शीटमध्ये एनजेआयटीसमोर बिनधास्त ‘२००८’ ठोकलं आणि त्याच्या जोरावर त्यांची एक फेमस हरण्याची मालिकाही ग्रेट वेस्टच्या खात्यात टाकली. झालं असं होतं की एनजेआयटी २००६ मध्ये डिव्हिजन वनमध्ये आलं, म्हणजे सगळ्यात वरच्या थरात, आणि २००७-०८ चा अख्खा बास्केटबॉल सीझन हरलं, २९ पैकी शून्य, आणि ती साखळी ५१ मॅचपर्यंत गेली. २१ जानेवारी २००९ ला ब्रायंटला ६१-५१ ने हरवलं तेव्हा तुटली. (५१ हारा आणि समोरच्याचे ५१ पॉइंट, हे दोन आकडे मी एकदा उलटसुलट टाईप केलेत, तुम्ही करू नका.) पण त्या वेळी ते बास्केटबॉलमध्ये इंडिपेंडंट होते, म्हणजे कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हते, ग्रेट वेस्टचा गुणतक्ताच तेव्हा सुरू झाला नव्हता. माझ्या एका चुकीच्या वर्षामुळे ५१ हारा भलत्याच कॉन्फरन्सच्या माथी.

तर तीन रकाने करा, घोषणा, मेंबर, पहिली मॅच. एखादा रिकामा राहिला तरी चालेल पण अंदाजाने भरू नका.

आणि घोषणेवर आंधळा विश्वास ठेवू नका. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये बिग स्काय कॉन्फरन्सने जाहीर केलं की नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटा दोघं आमच्याकडे येतायत. त्याच आठवड्यात साउथ डकोटाने फिरवलं, म्हणाले आम्ही समिट लीगला जातो आणि फुटबॉल मिसुरी व्हॅलीत खेळतो. म्हणजे तुम्हाला पहिली बातमी सापडली आणि तिथेच थांबलात तर तुमचा इतिहास काही दिवसांनी जुना. कुठलीही घोषणा मिळाली की पुढच्या वर्षीचं टाइमटेबल उघडून बघा ती टीम खरंच तिथे खेळली का.

प्रत्येक खेळाला वेगळा टॅब

आपण ‘कॉन्फरन्सचे मेंबर’ म्हणतो तेव्हा वाटतं एकच यादी असेल. ग्रेट वेस्टमध्ये निदान तीन होत्या.

फुटबॉलमध्ये सुरुवातीला सहा: कॅल पॉली, यूसी डेव्हिस, सदर्न युटा, नॉर्दर्न कोलोरॅडो, नॉर्थ डकोटा स्टेट, साउथ डकोटा स्टेट. २००६ ला नॉर्दर्न कोलोरॅडो बिग स्कायला गेलं. २००८ ला दोन्ही ‘स्टेट’ मिसुरी व्हॅलीला गेली आणि त्यांच्या जागी नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटा आली, ‘स्टेट’ नसलेली. हो, डकोटा राज्यं दोन, प्रत्येकात विद्यापीठं दोन, चारही या कॉन्फरन्समध्ये येऊन गेली पण चारही एका वेळी कधीच नव्हती. इथे ‘स्टेट’ हा एक शब्द गाळला तर अख्खा इतिहास चुकतो. मी शेवटी चौघांना चार रंग दिले शीटमध्ये, बालवाडीसारखं दिसतं पण चूक होत नाही.

बास्केटबॉलमध्ये सात: शिकागो स्टेट, ह्यूस्टन बॅप्टिस्ट, एनजेआयटी, टेक्सस पॅन अमेरिकन, युटा व्हॅली आणि दोन्ही डकोटा. आता फुटबॉलची २००८ नंतरची यादी आणि ही यादी शेजारी ठेवा. कॉमन फक्त दोन. कॅल पॉली आणि डेव्हिस बाकी खेळांत बिग वेस्टमध्ये, सदर्न युटा समिटमध्ये, आणि एनजेआयटीसारख्यांकडे फुटबॉल टीमच नाही. म्हणजे एकाच पाटीखाली जवळजवळ दोन वेगळ्या कॉन्फरन्स चालू होत्या.

आणि बेसबॉलमध्ये आणखी तिसरीच गंमत. तिथे न्यूयॉर्क टेक आणि नॉर्दर्न कोलोरॅडो फक्त त्या एका खेळापुरते. नॉर्दर्न कोलोरॅडो म्हणजे तेच, २००६ ला फुटबॉल घेऊन दारातून गेलेलं, बेसबॉलची बॅट घेऊन खिडकीतून परत. त्यामुळे ‘नॉर्दर्न कोलोरॅडो मेंबर होतं का’ याला हो किंवा नाही असं उत्तरच नाही, कुठला खेळ ते आधी सांगा.

टीशर्टचं कोडं: एवढ्या लांबची माणसं एकत्र का आली

आता सगळ्यात मजेचा भाग, आणि इथे वेळ घालवा, कारण इतिहास इथेच आहे. नकाशा उघडा आणि सातही जागांवर टिंब द्या. न्यूअर्क. शिकागो. ह्यूस्टन. टेक्ससच्या खालच्या टोकाला मेक्सिको बॉर्डरजवळ एडिनबर्ग. युटामध्ये ओरेम. वर डकोटांमध्ये ग्रँड फोर्क्स आणि वर्मिलियन. न्यूअर्क ते एडिनबर्ग म्हणजे साधारण श्रीनगर ते कन्याकुमारी, आणि न्यूअर्क ते ओरेम त्याहून लांब, तीन हजार किलोमीटरच्या वर. व्हॉलीबॉलच्या एका मॅचसाठी. याला कुणी ‘विभागीय’ म्हणत असेल तर आपली कोकण रेल्वे ही मुंबईची लोकल झाली.

मग प्रत्येक टिंबापाशी एकच प्रश्न विचारा, हे इथे यायच्या आधी कुठे होतं? उत्तरांत एक पॅटर्न दिसतो. चारही डकोटावाले आणि नॉर्दर्न कोलोरॅडो हे नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्समधले, ती डिव्हिजन टूची जुनी, १९२२ पासूनची कॉन्फरन्स, आणि एकेक करून ही मंडळी वरच्या डिव्हिजनला निघाली तशी ती २००८ ला बंदच पडली. एनजेआयटी डिव्हिजन टूमधून आलेलं, युटा व्हॅली २००३ पर्यंत दोन वर्षांच्या कॉलेजांच्या गटात, ह्यूस्टन बॅप्टिस्ट एनएआयए नावाच्या वेगळ्याच संघटनेतून. टेक्सस पॅन अमेरिकन डिव्हिजन वनमध्ये होतं पण १९९८ ला सन बेल्ट सोडल्यापासून एकटं, शिकागो स्टेट २००६ पासून एकटं. म्हणजे बहुतेक सगळे एकतर नुकतेच वर आलेले किंवा कुणी घेत नाही म्हणून एकटे पडलेले.

एकटं पडणं म्हणजे काय ते समजून घ्या. कॉन्फरन्स नाही म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जेव्हा बाकी सगळे आपापल्या गटात खेळत असतात तेव्हा तुमच्याशी खेळायला कुणी मोकळंच नाही. कोचला फोन फिरवत बसावं लागतं. ग्रेट वेस्ट ही या लोकांची वेटिंग रूम होती. पुण्याला रात्री एसटी चुकलेले लोक स्टँडवर एकमेकांची ओळख करून घेतात ना, तुम्ही कुठले, आम्ही सांगोल्याचे, आम्ही उमरग्याचे, गप्पा रंगतात, एकमेकांच्या डब्यातलं खातात, पण लक्ष सगळ्यांचं पाटीकडे. आपली गाडी लागली की गप्पा अर्ध्यावर टाकून पळायचं. कुणाची चूक नाही त्यात.

आणि मुख्य दुखणं: ऑटो बिड नव्हती. बहुतेक कॉन्फरन्सच्या विजेत्याला एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) मार्चमधल्या मोठ्या बास्केटबॉल स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो, त्याला ऑटो बिड म्हणतात. ग्रेट वेस्टला ती कधीच मिळाली नाही. बहुखेळी कॉन्फरन्सला डिव्हिजन वनचे किमान सात पूर्ण मेंबर लागतात, वर ते एकत्र काही वर्षं टिकावे लागतात. इथे आकड्याने सात होते, पण दोन्ही डकोटा तेव्हा अजून ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे खालच्या डिव्हिजनमधून वर येण्याच्या मधल्या टप्प्यात, आणि तेव्हा त्यात चार वर्षं टीमला एनसीएएच्या स्पर्धांत खेळताच येत नसे. त्यांची शिक्षा संपत आली आणि त्यांनी कॉन्फरन्स सोडली. फुटबॉलमध्ये तर २००६ पासून पाचच टीम, तिथे सहा लागतात. विजेत्याला बक्षीस म्हणून सीआयटी नावाच्या छोट्या स्पर्धेत जागा मिळायची. आता ट्रॉफीचा टॅब उघडायला हरकत नाही, बास्केटबॉलचे (पुरुषांचे) चारच विजेते आहेत: २०१० साउथ डकोटा, २०११ आणि २०१२ नॉर्थ डकोटा, २०१३ शिकागो स्टेट. दोन मिनिटांत भरून होतो. म्हणूनच म्हटलं होतं तो शेवटी ठेवा.

हे ऑटो बिड प्रकरण नुसतं वाचून कळत नाही, एक सीझन मॅच-मॅच करून बघा. मी युटा व्हॅलीचा २०१२ चा बेसबॉल सीझन घेतला. कॉन्फरन्समध्ये आठ टीम, बाकीच्या सात टीमशी प्रत्येकी चार मॅच, सात चोक अठ्ठावीस. मी निकालाच्या रकान्यात खाली सरकत गेलो, जिंकले, जिंकले, जिंकले, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. त्या वर्षी त्यांनी सलग ३२ मॅच जिंकल्या, एकूण ४७ विजय आणि १२ हारा. मग एनसीएए स्पर्धेची ६४ टीमची यादी जाहीर झाली आणि त्यात युटा व्हॅली नाही. ऑटो बिड नाही म्हणून थेट प्रवेश नाही, आणि समितीला वाटलं समोरचे लिंबूटिंबू होते म्हणून निवडही नाही. मी रविवारी दुपारी जेवण सोडून हे बघत होतो आणि मला खरंच राग आला, दहा वर्षांहून जुन्या, मला न कळणाऱ्या खेळाच्या स्कोरकार्डवर. आता सांगा, ‘२०१३ मध्ये युटा व्हॅलीने कॉन्फरन्स सोडली’ या ओळीचं कारण वेगळं शोधायला लागेल का?

(वरचं गणित दुसऱ्या कामालाही येतं. किती टीम होत्या याबद्दल शंका असेल तर प्रत्येकाच्या कॉन्फरन्स मॅच मोजा. २८ मॅच आणि चारच्या मालिका म्हणजे समोर सात टीम, म्हणजे एकूण आठ. यादीत सहाच सापडल्या तर दोन पाहुणे कुठेतरी लपलेत. मला न्यूयॉर्क टेक असंच सापडलं.)

गेले ते का गेले: डोमिनो मागून पुढे लावा

बंद पडण्याचं कारण कॉन्फरन्सच्या आत शोधू नका, ते बहुतेक वेळा बाहेर असतं. शेवटच्या घटनेपासून उलटं चालत जा.

२०१३ ला शिकागो स्टेट, टेक्सस पॅन अमेरिकन आणि युटा व्हॅली तिघं डब्ल्यूएसीमध्ये (वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स) गेले, ह्यूस्टन बॅप्टिस्ट साउथलँडमध्ये. डब्ल्यूएसीने या तिघांना का घेतलं? कारण तिचेच मेंबर पळाले होते, इतके की २०१२ नंतर तिने फुटबॉलच बंद केलं. ते कुठे पळाले? बरेचसे माउंटन वेस्टमध्ये, आधी २०११ ला बॉइझी स्टेट, मग फ्रेस्नो स्टेट, नेवाडा, हवाई, मग युटा स्टेट आणि सॅन होजे स्टेट. माउंटन वेस्टला माणसं का हवी होती? कारण तिच्यातून २०११ ला युटा (मोठं विद्यापीठ, सॉल्ट लेक सिटीचं) पॅक-१२ मध्ये गेलं, अजून एक-दोन मोठी नावंही गेली. सगळा खेळ टीव्हीच्या पैशांचा. म्हणजे सॉल्ट लेकच्या श्रीमंत थोरल्याने घर बदललं आणि त्याचा धक्का एकेक करत, शेजारच्या ओरेममधल्या धाकट्याला लागून, थेट न्यूअर्कपर्यंत पोचला. शेवटी ग्रेट वेस्टमध्ये मेंबर उरला एक. एनजेआयटी. कॉन्फरन्समध्ये एकटाच असेल तर पहिला नंबरही तुमचाच आणि शेवटचाही, पण मॅच कुणाशी खेळणार?

डकोटांचं कारण वेगळं. समिट लीग नॉर्थ डकोटाला तो टोपणनावाचा वाद मिटेपर्यंत दारात उभं करायला तयार नव्हती, म्हणून ते २०१२ ला बिग स्कायला गेले. बिग स्कायनेच कॅल पॉली आणि डेव्हिसला फुटबॉलपुरतं आणि सदर्न युटाला सगळ्या खेळांसाठी घेतलं, त्यामुळे २०११ चा फुटबॉल सीझन शेवटचा ठरला. प्रत्येक बाहेर पडण्यासमोर ‘कुणी ओढलं’ आणि ‘कशाने ढकललं’ असे दोन रकाने केलेत तर हे आपोआप दिसायला लागतं.

मोठ्या विजयांचाही एक टॅब करा पण तारीख तपासून. डेव्हिसने २००५ मध्ये स्टॅनफर्डला २०-१७ हरवलं, तो ग्रेट वेस्टचा. मिनेसोटाला नॉर्थ डकोटा स्टेटने २००७ ला २७-२१ आणि साउथ डकोटाने २०१० ला ४१-३८ हरवलं, दोन्ही ग्रेट वेस्टचे. पण नॉर्थ डकोटा स्टेटने मिनेसोटाला २०११ मध्ये पुन्हा हरवलं तो नाही धरायचा, तोपर्यंत ते मिसुरी व्हॅलीचे. तसंच २०२३ च्या जानेवारीतली एफसीएस (डिव्हिजन वन फुटबॉलचा दुसरा थर) फायनल, साउथ डकोटा स्टेट विरुद्ध नॉर्थ डकोटा स्टेट, दोघंही ग्रेट वेस्टमधून लवकर सटकलेले, आणि ट्रॉफीवर ग्रेट वेस्टचा हक्क शून्य.

कुठे शोधायचं

बंद कॉन्फरन्सची वेबसाइट मेलेली असते, पत्ता कधीकधी कुणीतरी दुसऱ्यानेच घेतलेला असतो. वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबसाइट साठवून ठेवणारी साइट) जुना पत्ता टाका, जुलै-ऑगस्टमधली सेव्ह झालेली पानं आधी बघा, कारण मेंबरांची यादी तेव्हा बदलते. फोटो दिसत नाहीत, निम्म्या लिंक तुटलेल्या असतात, पण मेनूमधली कॉलेजांची नावं बहुतेक वेळा शाबूत असतात आणि आपल्याला तेवढीच हवीत.

दुसरं म्हणजे मीडिया गाइड. प्रत्येक टीम सीझनच्या आधी पत्रकारांसाठी एक जाड पुस्तक काढते, आता पीडीएफ असते, त्यात मागच्या सगळ्या वर्षांचे निकाल. इथे एक खुबी सांगतो, कॉन्फरन्स मेली तरी कॉलेज जिवंत असतं, म्हणून कॉन्फरन्सचा इतिहास कॉन्फरन्सकडे नाही, मेंबरांच्या रेकॉर्ड बुकात शोधायचा. एकच मॅच दोन्ही कॉलेजांच्या पुस्तकात बघा. आकडे जुळले तर पक्कं.

तिसरं, गावचा पेपर आणि कॉलेजचा पेपर. ग्रँड फोर्क्स हेराल्ड, साउथ डकोटाच्या पोरांचा व्हॉलंटे, एनजेआयटीच्या पोरांचा व्हेक्टर. मोठ्या पेपरांना अशा कॉन्फरन्सचं काही पडलेलं नसतं, दोन ओळीत संपवतात. कॉलेजच्या पेपरात मात्र विमानाचा खर्च, कोचची चिडचिड, पोरांचे बुडालेले लेक्चर सगळं येतं. अमेरिकेत असाल तर गावच्या लायब्ररीचं कार्ड काढा, जुन्या पेपरांचे डेटाबेस त्यावर फुकट दिसतात बऱ्याच ठिकाणी.

आणि अगदीच अडलं तर कॉलेजच्या स्पोर्ट्स इन्फर्मेशनवाल्यांना ईमेल. ‘मला ग्रेट वेस्टबद्दल माहिती हवी’ असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही, त्यांना फुटबॉलच्या सीझनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. एक मेल, एक प्रश्न: ‘तुमच्या रेकॉर्ड बुकात अमुक तारखेची मॅच कॉन्फरन्समध्ये धरलीय की बाहेर?’ जूनमध्ये पाठवा. मला एका ठिकाणहून चाळीस मिनिटांत स्कॅन आला होता आणि वर लिहिलं होतं की हे विचारणारे तुम्ही पहिलेच.

शेवटचा रकाना

सगळं भरून झालं की उजवीकडे एक रकाना उरतो, ‘आज कुठे’. एनजेआयटीचं सांगतो. २०१३ ते २०१५ पुन्हा एकटे. त्यातच ६ डिसेंबर २०१४ ला देशात १७ व्या नंबरवर असलेल्या मिशिगनला त्यांच्याच घरी ७२-७० हरवलं, तेच एनजेआयटी, ५१ हारावालं. पुढच्या वर्षी अटलांटिक सनने घेतलं, २०२० पासून अमेरिका ईस्टमध्ये. ईस्ट! टीशर्टवर काय छापलं असेल ते आता बरोबर असेल. शिकागो स्टेट २०२२ ला डब्ल्यूएसीतून बाहेर पडून पुन्हा एकटं झालं, २०२४ ला नॉर्थईस्ट कॉन्फरन्समध्ये गेलं, शिकागो नॉर्थईस्टमध्ये कसं हा प्रश्न मी मुद्दाम विचारत नाहीये कारण माझे अजून तीन वीकेंड जातील. युटा व्हॅलीचं जुलै २०२६ पासून बिग वेस्टला जायचं ठरलंय. म्हणून या रकान्याच्या डोक्यावर तुम्ही ज्या दिवशी भरलात ती तारीख नक्की टाका.